सावळीच्या मुठीतले आठ चिंचोके

तीस वर्षं नर्स होते मी. मेलेली माणसं याच हातांनी पुसली आहेत. उगाच घाबरणाऱ्यांतली मी नाही. म्हणूनच सांगते, हे खरं आहे.

१२ नोव्हेंबर १९९८. भर दुपार. तानसा तलावाच्या बाजूला आमचा छोटा दवाखाना.

"दहापैकी किती दुखतंय?" असं विचारलं की पाड्यावरच्या बायका नुसत्या हसायच्या. म्हणून मी युक्ती काढली होती. हातात दहा चिंचोके द्यायचे आणि म्हणायचं, "दुखतंय तेवढे मला दे."

या हुशारीवर मी भलतीच खूश होते.

त्या दुपारी सावळी आली. विशीतली पोर, पोट धरून. सोबत सासू, धोंडीबाई.

सावळीने माझ्या तळहातावर दोनच ठेवले. बाकीचे मुठीत.

मी कागदावर 'दोन' लिहिलं आणि तिला कोपऱ्यातल्या खाटेवर निजवलं. आमची एकुलती जीप हात मोडलेल्या एका माणसाला घेऊन शहापूरला गेली. जीपमध्ये जागा होती...

चार वाजता धोंडीबाईने हाक मारली, "सावळे गो..."

सावळी गेली होती. एकदाही कण्हली नव्हती.

"दोनच दिले होते तिनं," मी म्हणाले.

"आपलं दुखनं दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाय, बाई. त्याला लागतं. तुमी मागितलं म्हनून दोन दिलं."

म्हणजे आठ तिने स्वतःकडेच ठेवले होते.

मी तिची मूठ उघडली. एकेक बोट सोडवलं...

आत काहीच नव्हतं. खाटेखालीही नाही.

आठवड्याने, तशीच दुपार. सगळे भात झोडायला गेलेले, दवाखाना रिकामा. आणि कोपऱ्यातून आवाज आला... मुठीत चिंचोके घोळवल्याचा.

मी वळून पाहिलं. चादर सपाट होती.

मी बदली घेऊन मुरबाडला गेले. तिथेही दुपारी तोच आवाज, कोपऱ्यातल्या खाटेवरून.

२००६ साली, रिटायर व्हायच्या आदल्या दिवशी, मी धीर करून त्या खाटेपाशी बसले. डोळे मिटून हात पुढे केला.

"चुकलं माझं, सावळी. सगळे दे. लागू दे मला."

आवाज थांबला...

तळहाताला काहीतरी गार लागलं.

डोळे उघडले. दोनच होते.

उरलेले अजून दुपारी वाजतात, माझ्या घरात. मी रोज हात पुढे करते. ती देत नाही.