न सांगितलेली ओळ

न्यूयॉर्कात ओरालियाने गिटार हातात घेतली की लोक गप्प होत. अलाबामातल्या या लाकडी चर्चमध्ये मात्र गप्प बसणं म्हणजे गाणारीचा अपमान. इथे तिने ओळ सांगायची आणि सगळ्यांनी ती लांबवत गायची, ही जुनी रीत.

रविवारची दुपार होती. मयताचं सामान विकणाऱ्या दुकानाची जाहिरात छापलेले पुठ्ठ्याचे पंखे हलत होते. उद्या सकाळी ही काळी मंडळी मतदार म्हणून नाव नोंदवायला कचेरीवर जाणार होती. मागच्या खेपेला गेलेल्या एझ्रा आणि लूथरला गोऱ्यांनी वाटेतच गोळ्या घालून मारलं होतं. लोकांची भीती आज गेली नाही, तर उद्या कुणी उंबरठा ओलांडणार नव्हतं. ओरालियाला बोलावलं होतं ते एवढ्याचसाठी.

"नावं गेलेल्यांचीच घे हं, पोरी," म्हातारी सिस्टर मिनर्व्हा म्हणाली. या चर्चमध्ये बायकांना सिस्टरच म्हणत. "जित्याचं नाव या गाण्यात घालत नाहीत, घातलं की तो जातो. शहरात राहून विसरली असशील."

"विसरायला मी काय मडमेच्या पोटी जन्मले?"

पुढच्या बाकावरचा क्लीटस हसला. उद्याचा मोर्चा त्याने जमवला होता.

तिने ओळ सांगितली, "एझ्रा वाटेत पुढे चालतोय." लोकांनी डोळे मिटून ती उचलली. मग लूथरचं नाव घेतलं. चर्चची फळीन् फळी थरथरू लागली. भीती उतरतेय, हे तिला कळलं आणि बरं वाटलं.

पुढचं नाव ती आठवत होती, तोच मागून कुणीतरी ओळ सांगितली.

"क्लीटस वाटेत पुढे चालतोय."

लोकांनी ती उचलली. क्लीटसही डोळे मिटून, मान डोलवत, स्वतःचंच नाव गात होता.

ओरालियाने तारांवर पंजा दाबला.

"ती ओळ कुणी सांगितली?" तिने मिनर्व्हाला हळूच विचारलं.

"कुणी म्हणजे? तूच की."

क्लीटस घाम पुसत जवळ आला. "भीती पार पळाली बघा, सिस्टर. उद्या सगळ्यांच्या पुढे मी."

ती ओळ आपली नव्हतीच, हे खरं सांगावं तर उद्या कुणीच जाणार नाही. न सांगावं तर हा पोरगा जिवानिशी जाईल.

"तू नाही. पुढे मी चालणार," ती म्हणाली.

"तुम्ही पाहुण्या."

"मी इथलीच आहे रे."

पुढची ओळ कुणीच सांगितली नाही. ओरालियाने तर गिटारही खाली ठेवली होती.

मिनर्व्हाने डोळे मिटले. बाकीच्यांनीही मिटले. मग सगळे सावकाश गाऊ लागले, "ओरालिया वाटेत पुढे चालतेय."