सात ठिपक्यांचा माणूस

लिफ्टमध्ये तो आणि मी दोघंच होतो आणि माझा फोन बंद पडला होता. म्हणून मी विचारलं, "किती वाजले हो?"

त्यानं हातातली पाण्याची झारी खाली ठेवली. डावी बाही वर केली. चार घड्याळं. उजवी वर केली. तीन. मग अगदी मनापासून विचारलं, "कुणाचे सांगू?"

तेवढ्यात सातही घड्याळं एकदम थरथरली आणि त्यांच्याबरोबर तोही. मला वाटलं, माझ्यामुळे. मी पदर नसताना पदर सावरला.

"नाही, ते... फार वेळ एका जागी उभे आहात, चाला, असं सांगतायत," तो म्हणाला आणि जागच्या जागी पावलं टाकायला लागला. "माफ करा हं. दोन मिनिटांत शांत होतात."

तिसरा मजला आला. मी उतरले. दार बंद होता होता फटीतून दिसलं... तो अजून चालत होता आणि हसत होता. गालावर मातीचा एक डाग होता. मला तो पुसावासा वाटला. लिफ्टच्या दाराला एवढ्या घाईनं बंद व्हायची काही गरज नव्हती.

आता मी कोण, ते सांगते. आमच्या कंपनीत 'चला, चालू या' नावाची स्पर्धा होती. प्रत्येकाला पावलं मोजणारं घड्याळ दिलेलं आणि कोण कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर चालतंय ते माझ्या कॉम्प्युटरवर नकाशात दिसायचं. एक माणूस, एक ठिपका. ठिपक्यांवर लक्ष ठेवायला मला सहा महिन्यांच्या कंत्राटावर घेतलं होतं. कंत्राट शुक्रवारी संपणार होतं. स्पर्धा यशस्वी झाली तर कायम करू, असा मोठ्या साहेबांचा शब्द होता. घरी आईनं तर मला मनातल्या मनात कधीच कायम करून टाकलं होतं. रोज मामाला फोनवर सांगायची, "आमची ठिपक्यांची अधिकारी आहे."

आणि स्पर्धा यशस्वी होत होती ती सात जणांमुळे. त्यांचे ठिपके सकाळी एकत्र निघायचे, चारही इमारती पालथ्या घालायचे आणि संध्याकाळी एकत्र थांबायचे. मी अहवालात लिहिलं होतं, 'या सात जणांची एकजूट पाहून डोळ्यांत पाणी येते.' साहेबांनी तो अहवाल सगळ्यांना पाठवला. शुक्रवारी सातही जणांचा सत्कार होणार होता.

जागेवर येऊन मी नकाशा उघडला. सात ठिपके लिफ्टमधून वर चालले होते. त्यातला एक आवक-जावकच्या बाईंचा. त्या माझ्या समोरच्या खुर्चीत बसून संत्रं सोलत होत्या.

"बाई, तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"इथे. का गं?"

"नकाशात तुम्ही सातव्या मजल्यावर आहात."

"अगं बाई!" त्या कौतुकानं म्हणाल्या, "आज लवकर पोचला की!"

बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज बारीक केला. "कुंड्यांना पाणी घालतो ना, तो पोरगा. चारही इमारतींचं काम आहे त्याच्याकडे. माझे गुडघे हे असे. एकदा म्हटलं, बाबा रे, एवढं माझं घड्याळ घालतोस का? हो म्हणाला. मग बाकीच्यांनीही विचारलं. त्याला नाही म्हणताच येत नाही बघ. जन्मजात आहे. तू आता तोंड उघडू नकोस हं, सगळ्यात आधी तुझीच नोकरी जाईल."

बाईंचं म्हणणं बरोबर होतं. मी तोंड उघडलं नाही. डोळे मात्र उघडे ठेवले, म्हणजे कामाचा भाग म्हणून. आता तो कुठल्याही क्षणी कुठे आहे हे मला कळत होतं. दुसरी इमारत, पाचवा मजला. जिना. चौथी इमारत, तळमजला. एखाद्या मुलाकडे चोरून बघायला बाकीच्या मुलींना खिडकी लागते, मला कंपनीनं सर्व्हर दिला होता.

मंगळवारी माझ्या लक्षात आलं की अकरा वाजून दहा मिनिटांनी सातही ठिपके समोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत येऊन थांबतात. बारा मिनिटं. बाकी कुठल्या कुंडीला तो चाळीस सेकंदांच्या वर देत नव्हता. मी जुन्या नोंदी काढल्या. गेले चार महिने रोज हेच. चार महिन्यांपूर्वी काय झालं होतं? बरंच काही झालं असेल, पण नेमकं त्याच आठवड्यात माझं टेबल भिंतीकडून खिडकीशी हलवलं होतं. आणि खिडकीसमोर... ती गॅलरी.

माझे कान गरम झाले. मी एसी वाढवला. बाईंनी शाल घेतली.

बुधवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी त्या गॅलरीत हजर होते. तो झारी तिरकी धरून पाठमोरा उभा होता. कुंडीत उंच, हिरवंगार झाड होतं. पाणी कुंडीतून वाहून, फरशीवरून जिन्याकडे निघालं होतं. मी पानाला हात लावला.

"हे प्लॅस्टिकचं आहे."

तो दचकला. झारी हलली आणि माझ्या बोटांवर गार पाणी सांडलं.

"माहितीय," तो म्हणाला.

"मग पाणी कशाला घालताय?"

"त्याला नाही घालत..." त्यानं समोरच्या खिडकीतल्या माझ्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग घाईघाईनं झाडाकडे. "निमित्ताला घालतो. नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही ना."

मला हसू आवरेना. त्यालाही. वॉचमन वाकून बघायला लागला, तसे आम्ही दोघंही त्या पानांवरची धूळ गंभीरपणे पुसायला लागलो.

"तुम्हाला खरंच नाही म्हणता येत नाही?" मी विचारलं.

"नाही."

"आत्ता म्हणालात की!"

"ते उत्तर झालं हो. कुणी काही मागितलं की नाही जमत. शेजारच्या काकू गावाला गेल्या, मांजर ठेवतोस का म्हणाल्या. आता चार घरांच्या मांजरी आहेत माझ्याकडे. गेल्या वर्षी पोहण्याच्या शर्यतीत उतरलो होतो."

"अरे वा!"

"पोहता येत नाही मला."

"मग?"

"विचारलं त्यांनी, एक जण कमी पडतोय, येतोस का..."

मी खूप हसले आणि त्या हसण्याच्या भरात तोंडातून निसटलं, "मग मी तुम्हाला आवडते का?"

"हो!" तो म्हणाला. लगेच. एका श्वासात.

क्षणभर सगळी गॅलरी उजळली आणि लगेच माझ्या डोक्यात ती शंका आली.

"हेच जर आवक-जावकच्या बाईंनी विचारलं असतं तर?"

त्यानं खूप विचार केला. खोटं बोलणं हाही त्याचा प्रांत नव्हता. "तर... हो म्हणालो असतो. त्यांना वाईट वाटलं असतं ना."

झालं! जगात एकच माणूस आवडावा आणि नेमकं त्याच्याच होकाराला काही किंमत नसावी. मी ओल्या चपला वाजवत निघून आले. गुरुवारी मी खिडकीचा पडदा ओढून घेतला. पडद्याआडून नकाशा बघितला. सात ठिपके सत्तावीस मिनिटं थांबले होते.

शुक्रवारी हॉल भरला. सात विजेते पहिल्या रांगेत, चालून दमल्यासारखे चेहरे करून बसले होते. साहेब माइक लावून मंचावर उभे. तो मंचापुढे कुंड्या मांडत होता, बाह्या मनगटापर्यंत ओढून. आणि साहेब वाकून त्याच्या कानात म्हणाले, "काय रे, तू फार चालतोस म्हणे. पुढच्या फेरीला माझंही घड्याळ घालशील का?"

कॉलरचा माइक चालू होता. साहेबांची कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू आली.

साहेबांचा हात पुढे, हातात घड्याळ. त्यानं मान वळवून मला शोधलं. त्याचे ओठ हलले. मला 'हो'चा आकार पाठ होता. हा तो नव्हता.

"न..." तो म्हणाला. कपाळावर घाम. "ना..."

"अरे बोल ना, बाळा!" पहिल्या रांगेतून बाई ओरडल्या.

"नाही, साहेब. नाही जमणार."

मग त्याला धीरच आला. एकेक घड्याळ काढून तो ज्याचं त्याला देत सुटला. "हे तुमचं. यापुढे नाही. हे तुमचं. नाही." बाईंनी आपलं घड्याळ घेतलं, डोळे टिपले आणि शेजारणीला सांगितलं, "नाही म्हणाला गं! माझ्यासमोर म्हणाला!"

साहेब माझ्याकडे वळले. "हा प्रकार तुला माहीत होता?"

'नाही' म्हटलं असतं तर नोकरी राहिली असती. पण त्या एका शब्दासाठी तो इतका घामाघूम झाला होता की मला तो फुकटात वापरवेना.

"हो, सर," मी म्हणाले.

स्पर्धा तिथेच रद्द झाली आणि तिच्याबरोबर मीही. मी टेबलावरचा कप आणि चार्जर पिशवीत टाकला. आईला काय सांगायचं याचा विचार करत खाली उतरले, तर पायऱ्यांवर तो उभा. बाह्या दुमडलेल्या, मनगटांवर घड्याळांचे पांढरे पट्टे.

"तुमची नोकरी..."

"गेली."

"माझ्यामुळे."

"थोडी तुमच्यामुळे. थोडी एकजुटीमुळे."

तो हसला नाही. "वॉचमन खुर्ची उचलायला सांगत होता, नाही म्हणालो. मांजरवाल्या काकूंनाही फोन करून नाही म्हणालो. मजा येते हो! काकू रडल्या नाहीत. बरं म्हणाल्या नुसत्या."

"मग... मी परत विचारू?" आता त्याला दोन्ही शब्द येत होते.

"नाही," तो म्हणाला.

माझ्या हातातली पिशवी घसरली.

"विचारू नका म्हणजे..." त्यानं पिशवी वरच्यावर झेलली आणि माझी बोटंही त्याच्या बोटांत राहिली. "विचारलं की मी काहीही बोलतो. हे कुणी विचारलेलं नसताना सांगायचंय. मला तू आवडतेस. बाईंपेक्षा पुष्कळ."

ठिपक्यांची भूतपूर्व अधिकारी मी, पायऱ्यांवर नुसती उभी. शेवटी मी फोन काढला आणि त्याचा नंबर घेऊन त्याला माझं लोकेशन पाठवायला घेतलं.

"अगं, तू तर इथेच आहेस," तो स्क्रीन बघत म्हणाला.

"थांब जरा. किती वेळ दाखवायचं ते विचारतोय फोन. एक तास... आठ तास..."

"आणि?"

"आणि 'मी बंद करेपर्यंत'."

तो माझ्या खांद्यावरून वाकला, श्वास रोखून. मी शेवटचं बटण दाबलं आणि फोन पिशवीत, कपाच्याही खाली, पार तळाशी टाकून दिला.