झिवाने काढू न दिलेली चकती

"ही पेटी तिकीट काढून बसलीय का?" झिवाने हिब्रूत विचारलं. इस्रायलमधल्या येरुहामहून बेर शेवाला निघालेली रविवारची बस खच्चून भरली होती. खिडकीशी बसलेल्या तरुणाने शेजारची पेटी पटकन मांडीवर घेतली.

"पेट्यांना जागा अन् माणसं उभी," ती बसता बसता पुटपुटली — मराठीत, महाराष्ट्रातून आलेल्या आईच्या सुरात.

"माणसांसाठीच आहे हो ती..." उत्तरही मराठीत आलं, ठाण्याच्या वळणाचं.

त्याचं नाव मेईर. यरुशलेमच्या एका कंपनीत तंत्रज्ञ, शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या सुट्टीला, मावशीकडे आलेला. पेटीत नवं यंत्र होतं. बाळाच्या छातीवर एक चकती चिकटवायची. ती कातडी किंचित तापवते आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड किती साठलाय ते बाहेरूनच मोजते.

"म्हणजे सुई नाही?" झिवाने विचारलं. ती इस्पितळात अपुऱ्या दिवसांच्या बाळांची नर्स होती. टोचून टोचून निळ्या पडलेल्या इवल्या टाचा ती रोज बघत होती.

"फार कमी."

पेटी तिच्याच वॉर्डात जायची होती.

मग यंत्राच्या चाचणीसाठी महिनाभर तो रोज येत राहिला. कातडी भाजू नये म्हणून चकती दर चार तासांनी हलवावी लागे. बरोबर त्याच वेळी तो दारात उभा.

"मी विसरेन असं वाटतं तुम्हाला?"

"छे... पण मला यायला दुसरं कारण कुठे आहे?"

झिवा मान खाली घालून चकती चिकटवत राही. कान मात्र लाल होत.

एका सकाळी, श्वासयंत्रावरच्या सर्वांत लहान बाळाचा कार्बन डायऑक्साइडचा आकडा यंत्रावर चढू लागला. पंचेचाळीस, अठ्ठावन्न, सत्तर. वॉर्डाचे प्रमुख डॉक्टर इमॅन्युएल यांनी नजर टाकली.

"खेळणं बिघडलंय. काढा ते."

"नाही काढणार," झिवा म्हणाली. "आधी रक्त तपासा."

"तू मला शिकवणार?"

"आज, हो."

डॉक्टरांनी रागारागात रक्त काढलं. उत्तर आलं — एकोणसत्तर. श्वासनळीतली नळी कफाने बुजत आली होती. त्यांनीच ती झटपट बदलली, आणि आकडा हळूहळू उतरू लागला. बाळाचे ओठ गुलाबी झाले, तेव्हा कुठे झिवाने श्वास सोडला.

आभार कुणी मानले नाहीत. उलट दुपारी झिवाच्या दुसऱ्या वॉर्डात बदलीची चिठ्ठी आली. झिवा तडक मुख्य परिचारिका येहुदितबाईंकडे गेली. "ते बाळ स्वतःचा श्वास घेईपर्यंत मी हलणार नाही." बाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि चिठ्ठी फाडून टाकली.

बाहेर मेईर उभा होता, चेहरा उतरलेला. "माझ्यापायी तुमची नोकरी जायची. मी यंत्र परत नेतो."

"यंत्र इथेच राहील," ती ताडकन म्हणाली. "आणि तुम्हीही."

"मी...? म्हणजे..."

"म्हणजे तेच. मराठीत सांगू की हिब्रूत?"

"दोन्हीत," तो कसाबसा म्हणाला.

समोरून डॉक्टर इमॅन्युएल येत होते, मागे चार शिकाऊ डॉक्टर. झिवाने त्यांना येताना पाहिलं. आवाज जराही न उतरवता, मेईरच्या डोळ्यांत बघत, 'तुम्ही मला आवडता' असं तिने दोन्ही भाषांत सांगितलं.