कोरड्या काचेवरच्या दोन कमानी

"मॅडम, गोरी बाई कबूल झाली. गाडी मीच चालवत होते, म्हणते. आता तुम्ही फक्त या आणि सही ठोका," सोनगीर ठाण्याचा हवालदार प्रेमराज फोनवर म्हणाला.

'सही ठोका' ऐकलं आणि दिपमाला सोनवणेचा पारा सकाळी सकाळीच चढला. विमा कंपनीची तपासनीस म्हणून ती धुळे-जळगाव पट्ट्यातले अपघात बघायची. आपलं काम दुसऱ्याने उरकून ठेवलेलं तिला मुळीच खपायचं नाही.

"मी काय पोस्टातला शिक्का आहे का ठोकायला? येते मी. गाडीला कोणी हात लावायचा नाही. पुसायची तर नाहीच नाही."

खरं म्हणजे प्रेमराजपेक्षा तिचा राग त्या बाईवर जास्त होता. परवा भर दुपारी सोनगीर फाट्यावर एका मोटारीने पंडित तांबट नावाच्या म्हाताऱ्या कारागिराला उडवलं होतं. पाय पार चिरडला. गाडीत जळगावचा मनन लोढा आणि त्याची कॅनडाची बायको एलोडी, असे दोघेच होते. बाहेरून यायचं, आमच्या रस्त्यावर मोटार हाणायची आणि आमच्या माणसाला अपंग करून ठेवायचं! हिला परवाना दिला तरी कोणी, असं स्वतःशी पुटपुटतच दिपमालाने सोनगीर गाठलं.

गाडी ठाण्याच्या आवारात पत्र्याखाली उभी होती. पुढचा डावा दिवा फुटलेला. डावा आरसा तुटून लोंबत होता. उजवी बाजू धडधाकट, साधा ओरखडाही नाही.

"कोणी पाहिलं?" तिने विचारलं.

"धडक कोणीच नाही पाहिली. लोक धावले तेव्हा बाई रस्त्यावर बसलेली. म्हाताऱ्याचं डोकं तिच्या मांडीवर, ओढणी त्याच्या पायाला आवळून बांधलेली. नवरा गाडीपाशी फोनवर. गाडी कोण चालवत होतं विचारलं, तर नवरा म्हणाला, ही. तिने मान हलवली."

"आणि तुम्ही लिहून मोकळे झालात."

"अहो मॅडम, स्वतःच्या तोंडाने कबूल करणाऱ्याला काय खोटं पाडायचं?"

दिपमाला समोरच्या काचेकडे बघत होती. मे महिन्याच्या वावटळींनी काचेवर धुळीचा थर बसवला होता, आणि त्या थरात वायपरने काढलेल्या दोन स्वच्छ कमानी होत्या.

"इकडे पाऊस झाला?"

"पाऊस? महिनाभर आभाळात ढग नाही, मॅडम. जीव चाललाय उकाड्याने."

"मग वायपर कशाला फिरवला?"

"धूळ झाडायला असेल."

"धूळ झाडायला माणूस आधी पाणी मारतो. पाणी मारलं असतं तर कडेला चिखलाचे ओघळ दिसले असते. हा वायपर कोरडाच फिरलाय."

प्रेमराजने खांदे उडवले. दिपमालाने काचेचे फोटो काढले आणि त्याला घेऊन ठाण्याच्या जीपमध्ये बसली. बाईचा पुरवणी जबाब घ्यायला पोलीस हवाच होता.

वाटेत ते धुळ्याच्या दवाखान्यात थांबले. पंडितबाबा पाय टांगून पडले होते. दुसऱ्या दिवशी मोठं ऑपरेशन होतं. आयुष्यभर तांब्याचे हंडे ठोकलेले त्यांचे हात चादरीवर गप्प पडले होते.

"बाबा, गाडी दिसली नाही का तुम्हाला?"

"दिसनी ना. शिरपूरकडथीन येत होती. पण दिवा लागना नही. वळनारी गाडी दिवा दखाडस. मी समजनू, सरळ धुयाले जाई. मी पाय टाका, अन् ती वळनी."

"कोणता दिवा? वळायचा? इंडिकेटर?"

"तोच. लागनाच नही."

"चालवत कोण होतं?"

"ते मी नही दखं. पण ती बाई मनाजोडे बठी राहिनी, मनं डोकं मांडीवर लिसन. रडत होती बिचारी. तिले काही करू नका, पोरी. ती भली बाई शे."

दिपमाला बाहेर आली ती आणखी चिडूनच. आधी पाय मोडायचा आणि मग मांडीवर डोकं घ्यायचं! पण तो न लागलेला दिवा काही तिच्या डोक्यातून जाईना. जळगाव येईपर्यंत ती काचेचे फोटो पुन्हा पुन्हा बघत राहिली.

लोढांचं घर नव्या वस्तीत होतं. दोघांना दारात उतरवून ठाण्याची जीप परत गेली. दार हीराबाईंनी उघडलं. नवरा गेल्यावर डाळ मिल एकटीने सांभाळणारी करारी बाई. अपघातातली गाडी त्यांच्याच नावावर होती. दिवाणखान्यात एलोडी चार वर्षांच्या लेकीला, मुस्कानला, कुशीत घेऊन बसली होती. डोळे सुजलेले. शेजारी मनन उभा, इस्त्रीचा शर्ट, हातात फोन.

"बाई, या सुनेचं आता काय होणार?" हीराबाईंनी थेट विचारलं. "गुन्हा लागला तर व्हिसा वाढायचा नाही, असं वकील म्हणतो. तिला जावं लागेल. मग या लेकराचं काय? मी शंभरदा सांगितलं होतं, हिच्या हातात गाडी देऊ नका!"

"मम्मी, तू थांब," मनन म्हणाला. "मॅडम, विचारा काय ते. बाकी हिचा परवाना पक्का आहे. इथला. विम्याला काही अडचण नाही ना?"

एलोडीने निमूटपणे कार्ड पुढे केलं. जळगाव आरटीओचा परवाना, मुदतीतला. दिपमाला ओशाळली. वाटभर जिला शिव्या घातल्या, तिने सगळं रीतसर केलं होतं.

"गाडी चालवायला कुठे शिकलात?"

"इथेच," एलोडी म्हणाली. तिचं मराठी स्वयंपाकाच्या प्रमिलाबाईंकडून उचललेलं होतं, त्यामुळे मध्येच अहिराणी डोकावायची. "कॅनडात कधीच नाही चालवली. तिथे मेट्रो होती. इथे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकले."

"ते शिकवणारे सर कडक आहेत," मनन हसून म्हणाला. "ही रिकाम्या गल्लीतसुद्धा इंडिकेटर देते. आम्ही चिडवतो तिला."

"आणि तुम्ही?" दिपमालाने त्याला विचारलं. "तुम्ही कुठे शिकलात?"

"मी सतराव्या वर्षी तिकडे शिकायला गेलो. सगळं तिकडेच झालं, पासपोर्टही तिकडचाच. पप्पा गेले तेव्हा परत आलो, दोन वर्षं झाली त्याला. पण मी इथलाच, मॅडम. याच गल्लीत सायकल शिकलो."

दिपमाला पुन्हा एलोडीकडे वळली. "परवा सोनगीरला कशाला वळत होता?"

"मला तांब्याचा हंडा घ्यायचा होता. मम्मीजींसाठी."

हीराबाईंनी सुनेकडे झटकन पाहिलं. हे त्यांना नवीन होतं.

"धडक बसली तेव्हा तुम्हाला नेमकं काय दिसलं?"

एलोडीने मुस्कानला आणखी जवळ ओढलं. "बाबांचा चेहरा. माझ्या खिडकीच्या काचेवर येऊन आदळला. एवढा जवळ. मी डोळे मिटले की तोच दिसतो. बठ्ठा दोष मना शे. सगळा माझाच."

"तुमच्या खिडकीवर?"

"हो."

"पुरे ना आता, मॅडम," मनन मध्येच म्हणाला. "तिला त्रास होतोय. कबुली दिली आहे तिने. चला, तुमची जीप तर मघाशीच परत गेली. मी स्टँडपर्यंत सोडतो."

दिपमालाने त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. "सोडा," ती म्हणाली.

घरातली दुसरी, जुनी गाडी निघाली. दिपमाला पुढे बसली, प्रेमराज मागे. मनन सफाईदार चालवत होता, बोलतही होता. तिकडे शिस्त कशी असते, आपल्याकडे लोक कसे कुठूनही घुसतात, वगैरे. आकाशवाणी चौक आला. त्याने वळायला डावा हात सरसावून स्टेअरिंगखालची दांडी खाली ओढली.

खर्रर्र करून वायपर कोरड्या काचेवरून फिरला.

मननने चटकन दांडी वर केली. "या गाडीचं वायरिंग गेलंय," तो म्हणाला.

"गाडी बाजूला घ्या," दिपमाला म्हणाली.

"काय झालं?"

"बाजूला घ्या म्हणते ना!" तिचा आवाज इतका चढला की मागे प्रेमराज ताठ झाला. "आता परवाना दाखवा. तुमचा."

मननने पाकिटातून कॅनडाचं कार्ड काढलं, मग आंतरराष्ट्रीय परवान्याची घडी. मुदत कधीच उलटून गेली होती.

"आपल्या गावात कोण विचारतं हो हे?" तो म्हणाला.

"मी विचारते! उतरा खाली. गाडी राहू द्या इथेच. रिक्षाने जाऊ तुमच्या घरी."

घरी पोचेपर्यंत दिपमालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिने सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं. मुस्कानला प्रमिलाबाई आत घेऊन गेल्या.

"हीराबाई, तुमच्या सुनेने कोणालाही उडवलेलं नाही. गाडी तुमचा मुलगा चालवत होता."

"काय बोलता बाई!"

"ऐकून घ्या. कॅनडात गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालते. तिथे इंडिकेटरची दांडी स्टेअरिंगच्या डाव्या हाताला असते. तुमच्या दोन्ही गाड्यांत ती उजवीकडे आहे, आणि डावीकडे वायपर. तिकडे शिकलेला माणूस बोलण्याच्या नादात वळायला गेला की त्याचा डावा हात आपोआप चालतो. दिवा लागत नाही, वायपर फिरतो. आत्ता आकाशवाणी चौकात आम्ही दोघांनी ते डोळ्यांनी पाहिलं. सोनगीरला उभ्या असलेल्या गाडीच्या काचेवर तशाच कोरड्या कमानी आहेत."

"ही पण कॅनडाचीच ना?" हीराबाई म्हणाल्या.

"तिने तिकडे चाकाला हात लावलेला नाही. ती जळगावात शिकली. तिच्या हाताला ती खोड नाहीच. आणि तुमच्याच मुलाने सांगितलं, ही रिकाम्या गल्लीतही इंडिकेटर देते. पंडितबाबा फाट्यावर उभे होते. समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा लागला नाही, म्हणून ते निर्धास्त पुढे झाले. तो दिवा लागला असता तर आज त्यांचा पाय शाबूत असता."

मनन जमिनीकडे बघत होता.

"आता एलोडीताईंचं बोलणं. बाबांचा चेहरा माझ्या खिडकीवर आदळला, म्हणाल्या. धडक डाव्या बाजूला बसली. डावा दिवा फुटला, डावा आरसा तुटला. आपल्याकडे चालवणारा उजवीकडे बसतो. बाबा ज्या खिडकीवर आदळले, तिथे चालवणारा नसतोच. तिथे शेजारचा माणूस असतो. ताई, तुम्ही शेजारी बसला होतात. खोटं का बोललात?"

एलोडीने मननकडे पाहिलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "मनन म्हणाला, त्याचा परवाना इथे चालत नाही. त्याचं नाव आलं तर विमा कंपनी हात वर करेल. बाबांना काहीच मिळणार नाही, ऑपरेशन नाही, काही नाही. माझा परवाना इथला आहे, मी नाव घेतलं तर बाबा वाचतील. मी म्हटलं, घे माझं नाव."

दिपमालाने इतक्या वर्षांत खोट्या पावत्या पाहिल्या होत्या, खोटे साक्षीदार पाहिले होते. पण एका बाईच्या चांगुलपणालाच असं दावणीला बांधलेलं तिने पाहिलं नव्हतं.

"खोटं सांगितलं तुम्हाला!" ती कडाडली. "चालवणाऱ्याकडे परवाना नसला म्हणून जखमीला वाऱ्यावर सोडत नाहीत. अशा प्रकरणात कोर्ट आमच्या कंपनीला आधी जखमीला भरपाई द्यायला लावतं, आणि मग आम्ही ती गाडीच्या मालकाकडून वसूल करतो. बाबांना मिळणारच होतं. बुडणार होतं ते या घराचं. हे यांना पक्कं ठाऊक होतं. हो ना, मननभाऊ?"

"वकिलाने सांगितलं होतं," मनन कसाबसा म्हणाला. "पण मॅडम, हिला काय, फार तर कॅनडाला परत जावं लागलं असतं. माझी मिल आहे इथे. मी इथला आहे!"

"इथला?" दिपमालाला हसू आलं नाही. "तुमचा पासपोर्ट कुठला? परवाना कुठला? बाहेरच्या माणसाला तो कागद वर्षभर चालतो. पुढे राहायचं तर आरटीओत जाऊन परीक्षा द्यायची. या बाई गेल्या, रांगेत उभ्या राहिल्या, पास झाल्या. तुम्हाला वाटलं, गल्ली आपली, आपल्याला कोण विचारतं! या घरातला परका ड्रायव्हर तुम्ही आहात."

"गाडी माझ्या नावावर आहे," हीराबाई मध्येच म्हणाल्या. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता. "वसूल करायचं ते माझ्याकडून करा. मी भरीन." त्या मुलाकडे वळल्या. "आणि तू? लेकराची आई घरातून घालवायला निघालास? मी तिला नावं ठेवत होते आणि तू ऐकत उभा होतास!" त्यांनी हात पुढे केला. "चाव्या."

मननने चाव्या त्यांच्या हातावर ठेवल्या.

"साहेब, चला आता ठाण्यावर," प्रेमराज त्याला म्हणाला. मग ओशाळून दिपमालाकडे वळला. "टोलनाक्याच्या कॅमेऱ्यात दिसलंच असतं हो मॅडम, कोण चालवतंय ते. कबुली मिळाली, म्हणून मी बघितलंच नाही."

"बघा आता. आणि मला पाठवा."

एलोडी उठली. तिने नवऱ्याकडे पाहिलंही नाही. दिपमालासमोर येऊन तिने एकच विचारलं, "बाबांचं उद्याचं ऑपरेशन थांबणार नाही ना?"

"नाही. मी जबाबदार."

"नक्की?"

"नक्की."

तेव्हा कुठे एलोडीने ओढणीने डोळे पुसले आणि ती प्रेमराजसमोर खुर्ची ओढून बसली.

"हवालदारसाहेब, जुना जबाब फाडा," ती म्हणाली. "आता बठ्ठं खरं सांगते. लिहा."