जयतीर्थचं "येतो"

जे घडलं तेच लिहिते आहे. मोजता आलं ते मोजलं. वाढवून काही सांगत नाही.

टेबलावर होतं ते असं. पिवळट पडलेला एक सीपीयू. न पेटणारा एक जाड मॉनिटर. दोन कळा निखळलेला कीबोर्ड. एक जॉयस्टिक. माझा लॅपटॉप आणि त्याला जोडलेला स्पीकर.

चेन्नई, तिरुवल्लिकेणी. शनिवारची भर दुपार.

सीतालक्ष्मीमामी माझ्या घरमालकीण, तंजावरच्या मराठी घरातल्या. मी नगरची. फिजिक्स शिकून इथे नोकरीला आले, त्यांच्या वरच्या खोलीत राहते.

जयतीर्थ त्यांचा एकुलता मुलगा. २००१ साली मित्रांबरोबर एन्नोरला पोहायला गेला. समुद्राने नेला. सापडला नाही.

त्या दिवशी तो दारातून "आई, येतो" म्हणाला होता. मामी न्हाणीघरात होत्या. "ये" म्हणायचं राहून गेलं.

त्याचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. फक्त त्याच्या विमानांच्या खेळात. त्यात स्वतःचा आवाज भरायची सोय होती. खेळ बंद केला की जयतीर्थ बोलायचा... "आई, येतो."

"एकदा ऐकव गे, ऊर्मी," मामी म्हणाल्या. "माझं उत्तर राहिलंय."

जुनी हार्ड डिस्क लॅपटॉपला जोडली. आवाज खेळाच्या एका मोठ्या फाईलमध्ये गुंतलेला, वेगळा निघेना. खेळ चालवणं भाग होतं. आजच्या विंडोजने तो सरळ नाकारला. मग जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणारा प्रोग्रॅम टाकला. खेळ सुरू झाला, पण इतका सुसाट की विमान धावपट्टीवरच फुटायचं. बंद करताना आवाजही चिरका.

"हा जयतीर्थ कुठला? हा तर उंदीर," मामी म्हणाल्या.

आम्ही दोघी हसलो.

मी वेग उतरवत गेले. विमान नीट उडालं. खेळ बंद केला.

"आई, येतो."

स्वच्छ, पण लांबून आल्यासारखा. मागे हलकी गाज...

रेकॉर्डिंग याच खोलीत झालं होतं. इथे समुद्र ऐकू येत नाही.

मामींनी स्पीकरकडे पाहिलं नाही. दाराकडे पाहिलं.

"ये," म्हणाल्या.



मयताच्या घरून निघताना आपण "येतो" म्हणायचं टाळतो. इथे तर गेलेल्यालाच "ये" म्हटलं होतं. निघणारा "येतो" म्हणतो. आणि येणाराही "येतो"च म्हणतो.

रविवारी मामींनी पुन्हा लावायला सांगितलं. आवाज मोठा वाटला. मला भास नको होता. फोनवर आवाज मोजायचं अ‍ॅप घेतलं, फोन टेबलाच्या कडेला ठेवला, स्पीकर हलवला नाही.

बावन्न डेसिबल.

सोमवारी अठ्ठावन्न.

मंगळवारी चौसष्ट.

फाईल तपासली. एका अक्षरानेही बदललेली नव्हती.

मोकळ्या जागेत आवाजाचं अंतर निम्मं झालं, की सहा डेसिबल वाढतात. हे मी कॉलेजात शिकले. मामींना सांगायला नको होतं.

त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे निम्मी वाट रोज सरते त्याची."

"मामी, थांबूया. हा आवाज त्याचा आहे, पण..."

"पण काय?"

मी लॅपटॉप मिटायला हात पुढे केला. मामींनी तो अडवला.

"तो वाटेत आहे, आणि मी दार लावू? एकदा चुकलंय माझं, ऊर्मी."

बुधवारी सकाळी त्यांनी पुढच्या दाराची कडी काढून टाकली. स्क्रू सुद्धा माझ्याकडून सोडवून घेतले. मी नाही म्हणू शकले नाही. त्यांचा चेहरा इतका आनंदी मी कधी पाहिला नव्हता.

दुपारी मी हार्ड डिस्क काढली. लॅपटॉप बंद केला. स्पीकरची पिन उपटून माझ्या मुठीत धरली. मामी रागावल्या नाहीत. खुर्ची फिरवून दाराकडे तोंड करून बसल्या.

फोन तेवढा टेबलाच्या कडेला राहिला होता. अ‍ॅप चालू होतं.

पंखा थांबला... रस्त्यावरची रिक्षा, शेजारचा टीव्ही, काहीच ऐकू येईना.

मग दारातून गाज आली.

"आई..."

मामी उठल्या.

सत्तर डेसिबल.