लाल फडक्यातलं रजिस्टर

बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला, तरी सोनिकाला ते खरं वाटेना. घरच्या सुनेला कोणी असं कोंडतं का? तिनं दार ढकलून पाहिलं. दार जागचं हललं नाही.

"रजिस्टर निघेवरी अठीच बस," पलीकडून धनवंताबाईंचा, तिच्या सासूचा आवाज आला. "तुझ्या भावाले फोन केला. चारच्या गाडीनं सौंदडहून येते आन घेऊन जाते तुले. कायमची."

"आत्याबाई, माझा फोन तं द्या."

"कायले? भावाले सांगायले, का माल नीट लपव म्हणून?"

पावलं लांब गेली. नवरा ओमेश्वर पुण्याच्या कारखान्यात. सकाळीच त्याचं फोनवर उत्तर आलं होतं, 'आई म्हणते तसं कर.' झालं, तोही दरवाजा बंद.

खोली वर्कशॉपमागची, तांब्याच्या तारेची रिळं ठेवायची. एक खिडकी अंगणात उघडणारी, तिला गज. दुसरी वर्कशॉपकडे, तिला बारीक जाळी. चार वर्षं सोनिकानं त्या जाळीपलीकडे बसून मोटारी वाइंड केल्या होत्या. आज ती तिकडे नुसती बघू शकत होती.

गेलेली वस्तू म्हणजे एक वही. पण कसली! सासरे मुन्नालाल पटले यांनी तीस वर्षं लिहिलेलं वाइंडिंगचं रजिस्टर. कोणत्या मोटारीला किती वेढे, कोणत्या जाडीची तार, सगळं त्यात. आमगावपर्यंतच्या राइस मिला त्या वहीच्या भरवशावर फिरत होत्या म्हणा ना.

मुन्नालालना पुस्तकं जिवापाड प्रिय. लोखंडी कपाटाचे चारही पाय जळक्या ऑइलच्या डब्यांत, वाळवी चढू नये म्हणून. एकेक मॅन्युअल लाल फडक्यात बांधलेलं, आत कडुलिंबाचा पाला. काल दसऱ्याला ही सगळी गाठोडी अवजारांबरोबर पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं. पूजेतलं पुस्तक त्या दिवशी कोणी उघडत नाही. आज सकाळी सोनिकानं कामासाठी रजिस्टरचं गाठोडं सोडलं, तर आत पंपांचा एक जुना जाडजूड कॅटलॉग.

कपाटाच्या चाव्या दोनच. एक सोनिकाच्या कमरेला, दुसरी अर्धांगवायूनं पडलेल्या मुन्नालालच्या उशीखाली. त्यात सोनिकाच्या भावाचं, रोशनचं, सौंदडला मोटार वाइंडिंगचंच दुकान. मग काय, चोर ठरायला वेळ लागला नाही.

अकराच्या सुमारास वर्कशॉपमध्ये एक चष्मेवाली बाई आली. मागून धापा टाकत एक पोट सुटलेला गृहस्थ.

"मी रेणू कापगते. खाजगी तपास करते. हे शालीकराम, रिटायर हवालदार, माझ्यासोबत असतात." जाळीपाशी येऊन तिनं आवाज खाली आणला. "तुझ्या सासऱ्यांनी कारागिराच्या हातून फोन करवला. दार उघडायला लावू? कोंडून ठेवणं गुन्हा आहे, बाई."

सोनिकानं जाळीला बोटं लावली. "नको. उघडलं तं पळून गेली म्हणतील. चारच्या आत चोर कोण ते सांगा. डाग घेऊन मी माहेरी कशी जाऊ?"

"मग सांग."

"बारा दिवसांआधी सौंदडले गेली. आईचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. परवा संध्याकाळी आली. चावी माझ्याजवळच होती. आली तं भिंतीवर या खडूच्या रेघा दिसल्या, आधी नव्हत्या. बाकी मले काही माहीत नाही."

भिंतीवर खरंच दोन उभ्या रेघा होत्या, शेडचे तीन सारखे भाग पाडणाऱ्या. रेणूनं त्यांमधलं अंतर पावलांनी मोजलं. मग कॅटलॉग बाकावर ठेवून उघडला. पाला काळा पडून मुखपृष्ठाला चिकटला होता आणि भोवती पांढरी बुरशी चढली होती. तिनं शेजारची दोन गाठोडी सोडली. त्यांतल्या पाल्याचा हात लागताच चुरा झाला. शालीकरामना चार शिंका आल्या.

"एका वहीसाठी किती ही मगजमारी, बाई," ते नाक पुसत म्हणाले.

"शालीकराम, शिंका पुऱ्या झाल्या असतील तर कारागिराला बोलवा."

दुधराम आला. वीस वर्षांचा जुना माणूस. हातातलं सूप त्यानं शेडच्या सावलीत ठेवलं, त्यात कडुलिंबाचा पाला पसरून वाळत घातला होता.

"रजिस्टर शेवटचं कधी पाहिलं?"

"परवा सकाळी, जागेवरच होतं. मालकीणबाईनं पूजेसाठी कपाट पुसाले उघडलं तवा."

"उघडून पाहिलं?"

"उघडून कायले? गाठोडं दिसून राहिलं होतं ना. उघडलं तं नऊ दिवसांआधी, आमगावच्या मोटारीसाठी. मालकाची चावी घेतली, पाहिलं, बांधून ठेवलं. तवापासून पंखेच चालू हायेत. त्याले रजिस्टर नाही लागत."

जाळीमागे सोनिकानं दिवस बोटांवर मोजले. परवा सकाळी होतं, परवा संध्याकाळी ती आली. घरात सगळे हेच तर म्हणत होते.

मग रेणू अंगणात गेली. गजांमधून सोनिकाला दोघी दिसत होत्या. धनवंताबाई तांदळाची कोठी रिकामी करत होत्या. कोठीतून निघालेला जुना, कुरकुरीत पाला त्यांनी फेकला आणि परडीतला वाळका पाला थरावर थर घालायला घेतला. वर मान करायलाही त्यांना फुरसत नव्हती.

"उशीखालची चावी कोण सांभाळतं?"

"मीच. दुसरं कोण पाहते त्यायले?"

"कोणाला दिली होती?"

"दुधरामले, कामासाठी. बस." हात मात्र क्षणभर थांबला. "तुमी चोर सोडून घरच्यायलेच काऊन विचारून राहिल्या?"

शेवटी भूपेंद्र, सोनिकाचा भासरा, ओमेश्वरचा थोरला भाऊ. वरच्या मजल्यावर राहायचा, जमिनीची दलाली करायचा. पांढरा शर्ट सांभाळत तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"मॅडम, मी इथं पाय पण ठेवत नाही. ऑइल लागते कपड्याले."

"वडिलांची पुस्तकं?"

"बाबा फडक्यात बांधतेत, पाला टाकतेत. लहानपणापासून दुरून पाहून राहिलो. आपल्याले त्यातलं काही समजत नाही."

"आणि या रेघा?"

"कोणाले माहीत."

तीन वाजले. सव्वातीन. रोशनची गाडी आता वाटेत असणार. सोनिका रिळं मोजत राहिली आणि मोजणं दर वेळी चुकत राहिलं.

साडेतीनला कडी निघाली. "सगळ्यांसमोर बोलते," रेणू म्हणाली, "हिच्याही." दुधरामनं मुन्नालालना खुर्चीत बसवून आणलं.

"चोरी परवाची नाही," रेणूनं कॅटलॉग उचलला. "पाला काळा होऊन कागदाला असा चिकटायला आणि ही बुरशी चढायला दोन दिवस पुरत नाहीत, आठवडा तरी लागतो. नऊ दिवसांआधी दुधरामनं खरं रजिस्टर पाहिलं. लगेच एकदोन दिवसांत ते बदललं. तेव्हा सोनिका सौंदडला होती. परवा दुधरामनं पाहिलं ते फक्त फडकं. आणि पूजेत गाठोडं कोणी उघडणार नाही, हे चोराला ठाऊक होतं."

"पण चोर कोण ते?" शालीकराम म्हणाले.

"बुरशी का आली ते विचारा. पाला हिरवा होता म्हणून. ओल्या पाल्याला पाणी सुटतं. दुधराम पाला सावलीत वाळवतो, आताही सुपात आहे. धनवंताबाई कोठीत वाळकाच पाला घालतात, हिरवा घातला तर तांदूळ कुजेल हे त्यांना सांगावं लागत नाही. सोनिका या कपाटाशी चार वर्षं वागली आहे. पाला टाकतात एवढं माहीत, पण कसा टाकतात ते माहीत नाही, असा माणूस घरात एकच."

कोणी भूपेंद्रकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

"दुधरामनं मुद्दाम हिरवा टाकला असंल तं?" शालीकरामनी डोकं खाजवलं.

"त्यानं चोरी केली असती तर आळ सोनिकावर जावा म्हणून चोरी परवाचीच दिसेल असं पाहिलं असतं. हिरव्या पाल्यावरच्या बुरशीनं तर खरी तारीखच फोडली. ज्याला हे कळतं तो असं करत नाही. आणि शेडमध्ये तीन गाळे कोणाला पाडायचे होते, ते या रेघा सांगतात. वर्कशॉप सुनेच्या हातानं चाललं असतं तर गाळे राहिले असते बाजूला. रजिस्टर गेलं, सून गेली, की जागा मोकळी."

मुन्नालालचा अर्धा ओठ थरथरला. "कुठी... हाय?"

"वरती, माझ्या पेटीत," भूपेंद्र जमिनीकडे बघत म्हणाला. "जाळणार होतो. तुमचं अक्षर पाहिलं आन नाही जमलं, बाबा."

दुधराम धावतच वर गेला.

"एक राहिलं," रेणू म्हणाली. "उशीखालची चावी."

धनवंताबाईंनी पदर तोंडाला लावला. "मीच देल्ली. कायले पाहिजे, मी विचारलंच नाही. आज सकाळी समजलं. पोटचा पोरगा हाय, काय करू?"

सोनिकाला वाटलं होतं, निर्दोष ठरल्यावर मोकळं वाटेल. उलट कोंडमारा आत्ता कुठं खरा सुरू झाला. आज सकाळी समजलं, म्हणजे कडी लावताना या बाईला सगळं ठाऊक होतं. "पाच तास," ती म्हणाली. "पाच तास तुमी माहीत असून मले आत ठेवलं, आत्याबाई. लई दुखलं मले."

फाटकाशी रिक्षा थांबली. रोशन घाईनं आत आला, घामाघूम. "चाल, सोनिके. सामान घे."

तिनं सासऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं चांगल्या हातानं खुर्ची घट्ट धरली होती.

"मी नाही येत, भाऊ," ती म्हणाली. "मोटारी पडल्या आहेत. पण या घरात माझी चूल आजपासून वेगळी. याच मागच्या खोलीत मांडीन. मामाजी माझ्याकडे जेवतील."

मुन्नालालच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यानं मान हलवली.

"आन मी?" धनवंताबाई हळूच म्हणाल्या. "मी कुठी जेवू?"

सोनिकानं ऐकलं. ते उत्तर उद्या; आज चुलीला जागा करायची होती. ती रिळं उचलायला आत गेली.