भिंतीवरची अनुपमा

खोटं वाटत असेल तर यवतला जाऊन बघा. भिंतीला चार भोकं अजून आहेत.

यंदाच्या संक्रांतीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. रात्र नव्हती, भरदुपार होती.

माझी बहीण रश्मी. आम्ही शिरूरचे. तिला यवतच्या नवनाथरावांना दिली. त्यांचं हे दुसरं लग्न. पहिली बायको अनुपमा वर्षापूर्वी तापानं गेली.

तिच्या नावाचा बोर्ड मात्र बेडरूममध्ये तसाच होता. हल्ली सगळे लावतात तसला, गुलाबी निऑनचा.

लग्नात नवरदेव तांदळात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितो. तेव्हा सासूबाई, कस्तुराबाई, म्हणाल्या, "नाव बदलायचंच हाय, तर अनुपमाच ठिवा. एवढा महागाचा बोर्ड काय फेकून द्यायचा व्हय?"

सगळे हसले.

मी पण हसलो. वर दोन जिलब्या जास्त हाणल्या. अक्कल गहाण ठेवली होती माझी!

पहिल्या संक्रांतीला तिला माहेरी न्यायला गेलो. गावात लाईट नव्हती. पंखा बंद, टीव्ही बंद.

पण बेडरूममध्ये गुलाबी उजेड होता...

बोर्डाची वायर खाली लोंबत होती. पिन कुठंच लावलेली नव्हती.

रश्मी पलंगावर बसली होती.

"रश्मे!"

ढिम्म.

"अगं ए बहिरे! रश्मे!" मी पार तिच्या तोंडासमोर जाऊन ओरडलो. डोकंच फिरलं माझं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून कस्तुराबाईंची हाक आली. "अनुपमाऽ!"

"व्हय, आले आत्याबाई..."

रश्मीचं तोंड मिटलेलं होतं.

आवाज भिंतीकडून आला होता.

आणि रश्मी उठून निमूट स्वयंपाकघरात गेली.

मग मी कुणाचं ऐकलं नाही. बोर्ड उपटला, पोत्यात घातला, रश्मीला गाडीवर बसवलं. नवनाथराव "अहो भाऊ, अहो भाऊ" करत मागं आले. येऊ दे म्हटलं! पारगावच्या पुलावर गाडी थांबवली आणि पोतं भीमेत भिरकावलं.

वाटलं, ब्याद टळली.

सात महिने झाले. ती शिरूरलाच आहे. डॉक्टर झाले, देवऋषी झाले. आई रोज हाक मारते, "रश्मे, जेवायला ये गं." ही मान वळवत नाही. बघून बघून जीव विटला माझा.

परवा संध्याकाळी राहवलं नाही. दोन्ही खांदे धरून तिला हलवलं. "तू रश्मी हाईस! रश्मी! किती येळा सांगायचं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मला जन्मभर दादा म्हणणारी माझी बहीण...

"माझ्यावर का वरडताय, भाऊ?"

आवाज तोच. त्या भिंतीकडचा.

"त्या दिशी आत्याबाईंच्या हाकंला मी खाली उतरले, तवा रश्मी वर गेली. त्या बोर्डात होती ती..."

मला पुढचं ऐकायचं नव्हतं.

"तुम्हीच तिला पुलावरनं टाकली."

आत आई रश्मीचं ताट वाढत होती. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.